काँगो संकट (१९६०–६५)

बेल्जियमच्या आधिपत्यातून ३० जून १९६० रोजी मुक्त झालेल्या मध्य आफ्रिकेतील काँगो प्रजासत्ताकात (विद्यमान काँगो लोकशाही प्रजासत्ताक) स्वातंत्र्यानंतर लगेच उद्‌भवलेली आणि नोव्हेंबर १९६५ मधील लष्करी सत्तांतरापर्यंत टिकलेली राजकीय अराजकाची अवस्था. लष्करातील बंड, प्रांतांची फुटीरता, राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान यांमधील घटनात्मक संघर्ष, पंतप्रधानाची हत्या, सशस्त्र उठाव आणि या सर्वांमध्ये परकीय सत्तांनी केलेला हस्तक्षेप, ही या संकटाची ठळक अंगे होत. शीतयुद्धाच्या ऐन भरात घडलेल्या या घटनांमुळे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिरक्षक कार्याची कसोटी लागली. तसेच नवस्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांचे सार्वभौमत्व कितपत खरे, हा प्रश्नही जगापुढे उभा राहिला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : काँगो नदीच्या खोऱ्यातील सु. २३,४५,००० चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा प्रदेश बर्लिन परिषदेच्या काळात (१८८४–८५) बेल्जियमचा राजा दुसरा लीओपोल्ड याच्या ताब्यात गेला. या परिषदेत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. ‘काँगो स्वतंत्र राज्य’ असे नाव मिळालेला हा प्रदेश वस्तुतः लीओपोल्डची खाजगी मालमत्ता होती. त्याने स्वतः काँगोमध्ये कधीही पाऊल ठेवले नाही. हस्तिदंत व रानटी रबर यांच्या उत्पादनासाठी तेथे वेठबिगार, ओलीस धरणे, गावे जाळणे व हातपाय तोडणे यांसारख्या उपायांचा सर्रास अवलंब करण्यात आला. ब्रिटिश वाणिज्य प्रतिनिधी रॉजर केसमेंट याचा १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल आणि ई. डी. मॉरेल याने चालविलेली चळवळ यांमुळे या अत्याचारांना वाचा फुटली. परिणामी १९०८ मध्ये बेल्जियमच्या संसदेने हा प्रदेश राजाकडून काढून घेऊन त्याचे वसाहतीत रूपांतर केले.

बेल्जियन काँगोचा कारभार (१९०८–६०) शासन, खाणकंपन्या व कॅथलिक मिशने या तीन संस्थांच्या परस्परसहकार्याने चाले. आग्नेयीकडील काटांगा प्रांतातील तांबे व कोबाल्ट यांच्या खाणी १९०६ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनियन मिनिएर’ या कंपनीकडे होत्या. कासाई प्रांतात हिऱ्यांच्या खाणी होत्या. अमेरिकेच्या पहिल्या अणुबाँबच्या निर्मितीसाठी लागलेल्या युरेनियमचा मोठा भाग काटांगातील शिंकोलोब्वे येथील खाणीतून आला होता. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रदेशाला सामरिक दृष्ट्याही महत्त्व प्राप्त झाले.

बेल्जियमचे धोरण पितृसत्ताक स्वरूपाचे होते. प्राथमिक शिक्षण, आरोग्यसेवा व कामगारवस्त्या यांकडे शासनाने बरेच लक्ष पुरविले. परंतु उच्च शिक्षण, उच्च प्रशासकीय पदे व राजकीय हक्क यांपासून काँगोच्या जनतेला कटाक्षाने दूर ठेवले. देशातील पहिले विद्यापीठ लोव्हॅनियम येथे १९५४ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्याच्या वेळी सु. दीड कोटी लोकवस्तीच्या या देशात काँगोली पदवीधरांची संख्या वीसहून कमी होती. ‘फोर्स प्युब्लिक’ या सु. २५,००० सैनिकांच्या दलात एकही काँगोली अधिकारी नव्हता. पुढे ओढवलेल्या अनर्थाचे मूळ या वस्तुस्थितीत आहे. सत्ता सोपविण्याचा प्रसंग येईल, अशी कल्पनाच राज्यकर्त्यांनी केली नव्हती. प्राध्यापक वान बिल्सेन याने १९५५ मध्ये काँगोच्या मुक्ततेची तीस वर्षांची योजना मांडली, तेव्हा बेल्जियममध्ये ती अतिरेकी ठरविण्यात आली. प्रत्यक्षात पाचच वर्षांत काँगो स्वतंत्र झाला.

राजकीय पक्ष व नेतृत्व : काँगोमधील राजकीय जागृतीला प्रारंभी जमातींच्या सांस्कृतिक संघटनांचे रूप होते. बाकोंगो लोकांची ‘आबाको’ ही संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. १९५४ पासून तिचे नेतृत्व जोझेफ कासाव्हुबू याच्याकडे होते. धर्मगुरूच्या शिक्षणासाठी पाठशाळेत गेलेला परंतु पुढे शासकीय नोकरीत शिरलेला कासाव्हुबू स्वभावाने सावध व मितभाषी होता. बाकोंगो लोकांच्या प्राचीन राज्याचा अभिमान व संघराज्यात्मक रचनेचा आग्रह ही त्याच्या राजकारणाची सूत्रे होती.

याउलट ऑक्टोबर १९५८ मध्ये स्थापन झालेला ‘मूव्हमाँ नास्योनाल काँगोलॅ’ (काँगो राष्ट्रीय चळवळ) हा पक्ष जमातनिरपेक्ष एकात्म राष्ट्राचा पुरस्कर्ता होता. त्याचा नेता पॅट्रिस लुमुंबा (१९२५–६१) हा कासाईमधील बाटेटेला जमातीचा. स्टॅनलीव्हिल (विद्यमान किसांगानी) येथे त्याने टपाल कचेरीत कारकुनी केली व पुढे लीओपोल्डव्हिल (विद्यमान किन्शासा) येथे एका बिअर कंपनीत विक्री-अधिकारी म्हणून काम केले. डिसेंबर १९५८ मध्ये आक्रा येथे भरलेल्या अखिल आफ्रिकी जनता परिषदेस तो उपस्थित राहिला. तेथे क्वामे एन्क्रुमा प्रभृती नेत्यांच्या सहवासात त्याच्या राष्ट्रवादाला आफ्रिकी ऐक्याची जोड मिळाली. प्रभावी वक्तृत्व व लोकसंग्रह हे त्याचे गुण होते; उतावळेपणा व प्रशासकीय अनुभवाचा अभाव हे त्याचे दोष होते.

काटांगात मॉइझ चोंबे (१९१९–६९) या व्यापारी घराण्यातील नेत्याच्या नेतृत्वाखाली ‘कोनाकाट’ हा पक्ष उदयास आला. लुंडा राजघराण्याशी त्याचे वैवाहिक संबंध होते आणि काटांगातील गोऱ्या वसाहतवाल्यांचा त्याला पाठिंबा होता. खाणींमधील कामासाठी कासाईतून आलेल्या बालुबा लोकांविषयी स्थानिक जमातींना वाटणारी असूया हेही या पक्षाच्या वाढीचे एक कारण होते. उत्तर काटांगातील बालुबांनी जेसन सेंड्वे याच्या नेतृत्वाखाली आपला वेगळा पक्ष काढला.

लीओपोल्डव्हिल येथे ४ जानेवारी १९५९ रोजी उसळलेल्या दंगलीनंतर बेल्जियमच्या धोरणास एकाएकी कलाटणी मिळाली. १३ जानेवारी रोजी राजा बोद्वँ याने काँगोला स्वातंत्र्य देण्याचे घोषित केले. जानेवारी–फेब्रुवारी १९६० मध्ये ब्रूसेल्स येथे गोलमेज परिषद भरली. तिच्यासाठी लुमुंबाची तुरुंगातून मुक्तता करण्यात आली. परिषदेत ३० जून ही स्वातंत्र्याची तारीख ठरली. अल्जीरियातील युद्धासारख्या प्रदीर्घ संघर्षात गुंतण्याची बेल्जियमची तयारी नव्हती. शिवाय राजकीय सत्ता दिली, तरी सैन्य, प्रशासन व खाणी यांवरील पकड कायम राहील, असा त्याचा होरा होता.

मे १९६० च्या निवडणुकांत कनिष्ठ सभागृहाच्या १३७ जागांपैकी लुमुंबाच्या पक्षाला सर्वाधिक म्हणजे ३३ जागा मिळाल्या. कोणत्याही पक्षाला बहुमत नव्हते. अखेर तडजोड होऊन कासाव्हुबू राष्ट्राध्यक्ष व लुमुंबा पंतप्रधान झाला. बेल्जियमच्या संविधानाच्या धर्तीवर तयार केलेल्या मूलभूत कायद्यात या दोन पदांमधील अधिकारविभागणी संदिग्ध होती. पंतप्रधानास दूर करण्याचा राष्ट्राध्यक्षाचा अधिकार आणि संसदेचा विश्वास यांची सांगड कशी घालावयाची, याचे स्पष्ट उत्तर त्यात नव्हते.

सैन्यातील बंड व काटांगाची फुटीरता : स्वातंत्र्यसमारंभात राजा बोद्वँने लीओपोल्डच्या कार्याचा गौरव केला. त्यास उत्तरादाखल लुमुंबाने वसाहतकालीन अपमान, वेठबिगार व अन्याय यांचा परखड उल्लेख केला. बेल्जियममध्ये या भाषणाने संताप निर्माण झाला. आफ्रिकेत मात्र ते स्वाभिमानाचे प्रतीक ठरले. सैनिकांच्या स्थितीत स्वातंत्र्याने काहीच फरक पडला नव्हता. सेनापती जनरल एमिल यान्सेन्स याने ५ जुलै रोजी फळ्यावर लिहून ‘स्वातंत्र्यापूर्वी व स्वातंत्र्यानंतर’ सारखेच असल्याचे सैनिकांना बजाविले. त्याच दिवशी लीओपोल्डव्हिल व थिसव्हिल येथील छावण्यांत बंड सुरू झाले. लुमुंबाने यान्सेन्सला बडतर्फ केले, काँगोली सैनिकांना बढत्या दिल्या, व्हिक्टर लुंडुला यास सेनापती व जोझेफ मोबुटू यास प्रमुख स्टाफ अधिकारी नेमले. तथापि युरोपीयांवर झालेल्या हल्ल्यांमुळे घबराट पसरली आणि प्रशासकीय अधिकारी, अभियंते व वैद्य यांनी मोठ्या संख्येने देश सोडला.

युरोपीयांच्या संरक्षणासाठी बेल्जियमने १० जुलै रोजी सैन्य उतरविले. उभय देशांत २९ जून रोजी सही झालेल्या मैत्री-करारानुसार काँगो सरकारच्या विनंतीखेरीज असा हस्तक्षेप करता येत नव्हता. शिवाय हा करार संसदेने संमतही केलेला नव्हता. ११ जुलै रोजी चोंबेने काटांगाचे स्वातंत्र्य घोषित केले. बेल्जियन सैन्याने तेथील काँगोली सैनिकांना निःशस्त्र केले, बेल्जियन अधिकाऱ्यांनी काटांगाचे सशस्त्र पोलीस दल उभारले आणि युनियन मिनिएरने आपले कर केंद्र सरकारऐवजी काटांगाच्या तिजोरीत भरण्यास प्रारंभ केला. जगातील एकाही देशाने काटांगाला औपचारिक मान्यता दिली नाही. तरी या तीन आधारांवर हे राज्य अडीच वर्षे तग धरून राहिले. ८ ऑगस्ट रोजी आल्बेर कालोंजी याने दक्षिण कासाईही वेगळा झाल्याचे जाहीर केले. अशा रीतीने तांबे व हिरे या दोन्ही संपत्ती केंद्र सरकारच्या हातून निसटल्या.

संयुक्त राष्ट्रांचा प्रवेश : कासाव्हुबू व लुमुंबा यांनी १२ जुलै रोजी संयुक्त तारेने संयुक्त राष्ट्रांकडे लष्करी साहाय्य मागितले. सुरक्षा परिषदेने १४ जुलै रोजी ठराव क्र. १४३ संमत करून बेल्जियमला सैन्य मागे घेण्याचे आवाहन केले आणि सरचिटणीस डाग हॅमरशल्ड यास साहाय्य पुरविण्याचे अधिकार दिले. त्यानुसार स्थापन झालेल्या शांतिसेनेची संख्या पुढे जवळजवळ २०,००० पर्यंत पोहोचली.

या सेनेच्या कार्याविषयी प्रारंभापासूनच मतभेद होते. काटांगाची फुटीरता हे परकीय आक्रमणाचेच रूप असून संयुक्त राष्ट्रांनी ती मोडून काढावी, असे लुमुंबाचे म्हणणे होते. हॅमरशल्डच्या मते हा अंतर्गत राजकीय वाद होता व त्यात शांतिसेनेने कोणाचीही बाजू घेणे युक्त नव्हते. काटांगाच्या पाठीशी बेल्जियन सैनिक, पैसा व सल्लागार असल्यामुळे या तटस्थतेचा लाभ व्यवहारात फुटीरांनाच मिळत होता. निराश झालेल्या लुमुंबाने ऑगस्टमध्ये सोव्हिएट रशियाकडून विमाने व मालमोटारी मिळविल्या आणि दक्षिण कासाईवर सैन्य धाडले. बाक्वांगा येथे या सैन्याने बालुबांची मोठ्या प्रमाणावर कत्तल केली. सोव्हिएट साहाय्यामुळे अमेरिका आणि कत्तलीमुळे सरचिटणीस असे दोघेही लुमुंबाच्या विरोधात गेले.

सत्तासंघर्ष व लुमुंबाची हत्या : कासाव्हुबूने ५ सप्टेंबर १९६० रोजी नभोवाणीवरून लुमुंबाला पदच्युत केल्याचे घोषित केले. लुमुंबानेही लगेच कासाव्हुबूला पदच्युत केल्याचे जाहीर केले. संसदेने लुमुंबावर विश्वास व्यक्त केला. परंतु संयुक्त राष्ट्रांचा तात्पुरता प्रतिनिधी अँड्रू कॉर्डियर याने विमानतळ व नभोवाणी केंद्र बंद केले. ही कृती शांततेसाठी असल्याचे सांगण्यात आले, तरी तिचा फटका लुमुंबालाच बसला. कासाव्हुबूला नदीपलीकडील ब्राझाव्हिलच्या नभोवाणीचा उपयोग करता येत होता. लुमुंबापाशी मात्र जनतेपर्यंत पोहोचण्याचे दुसरे साधन उरले नाही.

मोबुटूने १४ सप्टेंबर रोजी दोन्ही नेत्यांना ‘निष्प्रभ’ केल्याची घोषणा केली, तरुण पदवीधर व विद्यार्थी यांचे आयुक्त मंडळ नेमले आणि सोव्हिएट व चेकोस्लोव्हाक वकिलाती बंद करविल्या. वस्तुतः कासाव्हुबूचे पद अबाधित राहिले. निष्प्रभ झाला तो फक्त लुमुंबा. सैनिकांचे पगार भागविता येणे हे मोबुटूच्या सामर्थ्याचे रहस्य होते व त्यासाठी लागणाऱ्या पैशाचा काही भाग परदेशांतून येत होता. अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीने १९७५ मध्ये केलेल्या चौकशीत, अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तवार्ता संघटनेने १९६० मध्ये लुमुंबाच्या हत्येचा कट रचून काँगोमध्ये विष पाठविल्याचे उघड झाले. मात्र प्रत्यक्ष हत्येत या संघटनेचा हात असल्याचा पुरावा समितीस आढळला नाही.

लुमुंबा काही काळ संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली व मोबुटूच्या सैनिकांच्या वेढ्यात आपल्या निवासस्थानी होता. नोव्हेंबरमध्ये आमसभेने कासाव्हुबूच्या शिष्टमंडळास मान्यता दिली. त्यानंतर २७ नोव्हेंबरच्या रात्री समर्थकांच्या स्टॅनलीव्हिलकडे जाण्यासाठी तो निसटला. परंतु १ डिसेंबर रोजी पकडला गेला. १७ जानेवारी १९६१ रोजी त्याला मॉरीस म्पोलो व जोझेफ ओकिटो या सहकाऱ्यांसह विमानाने एलिझाबेथव्हिल (विद्यमान लुबुंबाशी) येथे नेऊन काटांगा सरकारच्या स्वाधीन करण्यात आले. त्याच रात्री, काटांगाचे मंत्री व बेल्जियन अधिकारी यांच्या उपस्थितीत, तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. नंतर एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने प्रेते आम्लात विरघळवून नष्ट केली. गावकऱ्यांनी लुमुंबास मारल्याची खोटी वार्ता १३ फेब्रुवारी रोजी प्रसृत करण्यात आली.

या प्रकरणातील बेल्जियमच्या भूमिकेविषयी तेथील संसदेच्या चौकशी समितीने २००१ मध्ये अहवाल सादर केला. काही मंत्री व इतर बेल्जियन व्यक्ती यांच्यावर नैतिक जबाबदारी येते, असा त्याचा निष्कर्ष होता. २००२ मध्ये बेल्जियम सरकारने क्षमायाचना केली. लुमुंबाचा एकमेव अवशेष म्हणून उरलेला दात जून २०२२ मध्ये त्याच्या कुटुंबीयांस परत करण्यात आला.

भारताची भूमिका : काँगोच्या प्रश्नाशी भारताचा संबंध निकटचा होता. सप्टेंबर १९६० मध्ये राजेश्वर दयाळ हे सरचिटणीसांचे विशेष प्रतिनिधी म्हणून लीओपोल्डव्हिल येथे रुजू झाले. मोबुटूच्या राजवटीस वैधता नसून संसदीय शासन पुनःस्थापित व्हावे, ही त्यांची भूमिका होती. ती पाश्चात्त्य राष्ट्रांना व लीओपोल्डव्हिलच्या सत्ताधाऱ्यांना रुचली नाही. परिणामी मे १९६१ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले.

लुमुंबाच्या अटकेनंतर व हत्येनंतर काही आफ्रो-आशियाई राष्ट्रांनी निषेधार्थ आपली पथके परत बोलाविली व शांतिसेना दुबळी झाली. अशा वेळी सुरक्षा परिषदेने २१ फेब्रुवारी १९६१ च्या ठरावान्वये यादवी टाळण्यासाठी अखेरचा उपाय म्हणून बळाचा वापर करण्यास संमती दिली आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी पायदळाची एक ब्रिगेड पाठविण्याचा निर्णय घेतला. मार्च १९६१ पासून भारतीय तुकड्या काँगोत दाखल होऊ लागल्या. भारतीय वायुसेनेची कॅनबेरा विमानेही पुढे काटांगातील मोहिमेत सहभागी झाली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे रस्त्यावरील अडथळा दूर करताना तिसऱ्या बटालियनचे (पहिली गुरखा रायफल्स) कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. या मोहिमेत ३९ भारतीय जवान व अधिकारी कामी आले.

काटांगाच्या फुटीरतेचा शेवट : ऑगस्ट १९६१ मध्ये लोव्हॅनियम येथे संसदेचे अधिवेशन होऊन सिरिल आडूला याच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय सरकार स्थापन झाले. स्टॅनलीव्हिल येथे लुमुंबाचा वारसा सांगत स्वतंत्र शासन चालविणारा आंत्वान गिझेंगा हा त्यात उपपंतप्रधान झाला. त्यानंतर काटांगातील परकीय भाडोत्री सैनिकांना हुसकून लावण्यासाठी शांतिसेनेने ऑगस्ट व सप्टेंबर १९६१ मध्ये मोहिमा हाती घेतल्या. युद्धबंदीच्या वाटाघाटींसाठी चोंबेला भेटण्यास निघालेल्या हॅमरशल्डचे विमान १७–१८ सप्टेंबरच्या रात्री एन्डोला (विद्यमान झँबिया) जवळ कोसळून तो मृत्युमुखी पडला. या अपघाताविषयी संयुक्त राष्ट्रांनी नंतर पुन्हा चौकशी करविली. तीत बाहेरील हल्ला वा धोका हे अपघाताचे कारण असणे संभाव्य मानले गेले आहे.

नवे सरचिटणीस ऊ थांट यांच्या काळात सुरक्षा परिषदेने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी फुटीरतेचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. डिसेंबरमधील लढाईनंतर चोंबेने किटोना येथे काँगोची एकता मान्य केली, परंतु अंमलबजावणी लांबणीवर टाकली. अखेर डिसेंबर १९६२ च्या अखेरीस शांतिसेनेने निर्णायक मोहीम सुरू केली. जानेवारी १९६३ मध्ये चोंबेने फुटीरता संपुष्टात आल्याचे मान्य केले. शांतिसेनेने ३० जून १९६४ रोजी काँगो सोडला. या मोहिमेच्या खर्चाचा वाटा देण्यास सोव्हिएट रशिया व फ्रान्स यांनी नकार दिल्यामुळे संयुक्त राष्ट्रांपुढे आर्थिक पेच उभा राहिला. असा खर्च हा संघटनेचाच खर्च होय, असा सल्ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै १९६२ मध्ये दिला होता.

१९६४ चे उठाव व मोबुटूचा उदय : स्वातंत्र्याने काहीच पदरात न पडलेल्या ग्रामीण जनतेचा असंतोष १९६४ मध्ये उफाळून आला. क्विलू भागात लुमुंबाचा माजी सहकारी प्येर म्युलेले याने शेतकऱ्यांचा उठाव संघटित केला. पूर्वेकडे ‘सिंबा’ (स्वाहिली भाषेत सिंह) म्हणविणाऱ्या बंडखोरांनी ऑगस्टमध्ये स्टॅनलीव्हिल जिंकले. शिकलेले लोक, सरकारी नोकर व विरोधक यांची त्यांनी निर्घृण हत्या केली. अशा स्थितीत परदेशी आश्रय घेतलेल्या चोंबेलाच जुलै १९६४ मध्ये पंतप्रधानपद देण्यात आले. ज्याने देश फोडला, त्याच्याकडेच देश सांधण्याचे काम सोपविले गेले. त्याने माइक होर याच्या नेतृत्वाखालील भाडोत्री सैनिक आणले. बंडखोरांनी ओलीस धरलेल्या युरोपीयांच्या सुटकेसाठी २४ नोव्हेंबर १९६४ रोजी अमेरिकन विमानांतून बेल्जियन छत्रीधारी सैनिक स्टॅनलीव्हिल येथे उतरविण्यात आले. बहुसंख्य ओलीस सुटले, काही मारले गेले आणि शहर सरकारच्या हाती आले. आफ्रिकेतील अनेक राष्ट्रांनी या कारवाईचा निषेध केला. चे गेव्हारा हा १९६५ मध्ये काही महिने क्यूबन सहकाऱ्यांसह पूर्व काँगोतील बंडखोरांबरोबर होता. परंतु त्यांच्यातील बेशिस्त व दुफळी पाहून तो निराश होऊन परतला.

ऑक्टोबर १९६५ मध्ये कासाव्हुबूने चोंबेला पदच्युत केले. त्याने नेमलेल्या एव्हारिस्ट किंबा यास संसदेने नाकारले. राष्ट्राध्यक्ष व संसद यांचा १९६० सारखाच पेच पुन्हा निर्माण झाला आणि तो सोडविण्याच्या निमित्ताने २५ नोव्हेंबर १९६५ रोजी मोबुटूने सर्व सत्ता हाती घेतली. या वेळी त्याने ती ३२ वर्षे सोडली नाही. जून १९६६ मध्ये किंबा व तीन माजी मंत्र्यांना जाहीर फाशी देण्यात आली. म्युलेले १९६८ मध्ये अभयदानाच्या आश्वासनावर परतल्यानंतर ठार करण्यात आला. चोंबेचा १९६९ मध्ये अल्जीरियात बंदिवासात मृत्यू झाला. कासाव्हुबूही त्याच वर्षी मरण पावला.

परिणाम : मोबुटूने १९६७ मध्ये एकपक्षीय राजवट स्थापन केली, युनियन मिनिएरच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले व १९७१ मध्ये देशाला झाईरे हे नाव दिले. लुमुंबाला त्याने राष्ट्रीय वीर म्हणून गौरविले. पण संसद व स्वतंत्र पक्ष नष्ट केले. १९७७ व १९७८ मध्ये शाबावर (काटांगाचे तत्कालीन नाव) झालेली आक्रमणे परतविण्यासाठी त्याला मोरोक्को, फ्रान्स व बेल्जियम यांचे साहाय्य घ्यावे लागले. सोव्हिएट प्रभावाविरुद्धचा बांध म्हणून पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्याच्या भ्रष्टाचाराकडे दुर्लक्ष केले. शीतयुद्ध संपताच हा आधार सुटला. रूआंडातील १९९४ च्या वंशविच्छेदानंतर निर्वासित व सशस्त्र टोळ्या पूर्व काँगोत शिरल्या. रूआंडा व युगांडा यांच्या पाठबळावर लोरां काबिला याने मे १९९७ मध्ये मोबुटूची राजवट उलथून टाकली. चौसष्ट सालच्या उठावात काबिलाचा सहभाग होता, ही गोष्ट जुन्या संघर्षाचे धागे किती चिवट होते, हे दर्शविते.

त्यानंतर १९९८ ते २००३ या काळात आफ्रिकेतील अनेक राष्ट्रांच्या सैन्यांनी काँगोच्या भूमीवर युद्ध केले. जानेवारी २००१ मध्ये काबिलाची हत्या झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००५ मध्ये युगांडास या युद्धातील आक्रमण व साधनसंपत्तीची लूट यांबद्दल जबाबदार धरले व २०२२ मध्ये ३२.५ कोटी डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला. पूर्वेकडील संघर्ष मात्र शमला नाही. रूआंडाचे पाठबळ असलेल्या ‘एम-२३’ या बंडखोर संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये गोमा व फेब्रुवारीत बुकाव्हू ही शहरे घेतली. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने काँगो व रूआंडा यांच्यात वॉशिंग्टन येथे करार झाला. तांबे, कोबाल्ट, सोने व कोल्टन या खनिजांना असलेली जागतिक मागणी हे या संघर्षामागील एक महत्त्वाचे कारण होय.

मूल्यमापन : काँगो संकटाची कारणमीमांसा करताना काही अभ्यासक जमातवाद व नेत्यांच्या अपरिपक्वतेवर, तर काही परकीय कारस्थानांवर भर देतात. ही दोन्ही कारणे परस्परांपासून अलग करता येत नाहीत. लुमुंबाने सैन्याचे अधिकारीपद घाईने बदलले, कासाईवर बेशिस्त सैन्य धाडले व एकाच वेळी अनेक शत्रू निर्माण केले, हे खरे आहे. कासाव्हुबूने संसदेला डावलले आणि चोंबेने प्रांताचे हित खाणमालकांच्या हिताशी जोडले, हेही खरे आहे. तथापि असे दोष इतर नवस्वतंत्र राष्ट्रांच्या नेत्यांमध्येही होते. ते दोष तेथे प्राणघातक ठरले नाहीत, कारण तेथे सेना, प्रशासन व पक्षसंघटना या संस्था कमीअधिक प्रमाणात उभ्या होत्या. काँगोत वसाहती शासनाने त्या निर्माणच होऊ दिल्या नव्हत्या. संस्थांच्या या अभावामुळे प्रत्येक नेत्यास बाहेरचा आधार शोधणे भाग पडले आणि बाहेरच्या सत्तांना आपला माणूस निवडणे सुलभ झाले. ज्याला पगार वाटता आला, त्याच्या मागे सैन्य गेले. ज्याला खनिजांचे उत्पन्न मिळाले, त्याला राज्य चालविता आले. मतदारांनी निवडलेल्या संसदेचा कौल मात्र १९६० व १९६५ या दोन्ही वेळी निरर्थक ठरला.

संयुक्त राष्ट्रांच्या दृष्टीने या मोहिमेचा निष्कर्ष संमिश्र आहे. देशाची अखंडता टिकली, दुष्काळ व रोगराई यांचे निवारण काही अंशी झाले आणि महासत्तांमधील प्रत्यक्ष युद्ध टळले. परंतु ज्या पंतप्रधानाने साहाय्य मागितले, त्याचा जीव ही संघटना वाचवू शकली नाही. अंतर्गत कलहात परकीय हात गुंतलेला असताना तटस्थता म्हणजे काय, हा काँगोने उपस्थित केलेला प्रश्न पुढील काळातील प्रत्येक शांतिरक्षक मोहिमेपुढे पुनःपुन्हा आला आहे. संविधान व निवडणुका देऊन वसाहत मोकळी करता येते. परंतु सैन्य, खजिना व प्रशासन यांवर जनतेच्या प्रतिनिधींचे नियंत्रण नसेल, तर राजकीय स्वातंत्र्य नाममात्र उरते, हा या संकटाचा सर्वांत महत्त्वाचा बोध होय.